तळ्याला कुंपण घालण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

शेततळ्यातली बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, रोज कमी होताहेत आणि भरावावर ठसे दिसतात, म्हणून घरचे बिबट्याच्या नावाने धास्तावलेत, असं तू लिहिलंस. जुन्नरच्या उसात बिबट्या असणारच. पण बोटुकली नेणारे बहुधा दुसरेच.

ओल्या मातीतला ठसा नीट बघ. नखं उमटली असतील तर कुत्रा, कोल्हा किंवा तरस. नखांशिवाय चार बोटं आणि रुंदी सात सेंटिमीटरच्या आसपास, तर बिबट्या. तसाच पण बराच लहान असला, तर रानमांजर. मासे मात्र दिवसाढवळ्या जातात. ढोकरी आणि खंड्या काठाजवळचे उचलतात, पाणकावळा बुडी मारून खालचेही काढतो. बोटुकली मोठी होईपर्यंत हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात, ठेव आणि वरून जाळी ताणून बांध. तंगूसची, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याची, बारीक जाळी सैल सोडू नकोस. तिच्यात दिवड आणि घोरपड अडकून तडफडून मरतात, आणि दिवड तर बिनविषारी आहे रे.

आता मुख्य गोष्ट. प्लॅस्टिकच्या अस्तरावरून पाय घसरला की जनावराला वर येता येत नाही. ते पोहतं, नखं मारतं, दमतं आणि बुडतं. त्या धडपडीत तुझं अस्तरही फाटतं. उन्हाळ्यात धोका सर्वांत जास्त, कारण पाणी खाली गेलेलं असतं, निसरडा उतार लांबलेला असतो आणि नेमकी तेव्हाच तहानेली जनावरं येतात. कुंपण तर हवंच, लेकरांसाठी तर नक्कीच. पण बिबट्या कुंपण ओलांडतो, आणि आत पडल्यावर त्याला बाहेर यायला वाट हवीच. म्हणून निदान दोन कोपऱ्यांत काथ्याची जाड जाळी थेट तळापर्यंत सोड. शिवाय कुंपणाबाहेर, घरापासून लांब, एक उथळ पाणवठा बांध. बाहेरच पाणी मिळालं तर ती तळ्यात उतरतील कशाला?

भरावावर मेलेल्या कोंबड्या टाकता, ते आजच बंद कर. रात्री कुत्रा मोकळा ठेवू नकोस. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला होता, वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के. शेळ्यांचा गोठा वरूनही बंद हवा.

तरीही बिबट्या आत पडलाच, तर १९२६ वर वनविभागाला फोन कर आणि गर्दी हटव. मला बिबट्याइतकीच त्या गर्दीची भीती वाटते. माणसांनी वेढलेलं जनावर बाहेर यायची वाट असूनही वर येत नाही, आणि आलं तर समोरच्यावर धावतं.

काथ्याच्या जाळीच्या वरच्या खुंट्या भरावात खोल ठोक आणि पावसाळ्यात अधूनमधून हलवून बघ. माती भिजली की त्या ढिल्या होतात.

तुझा,
काका