शरीर इशारा देईल, या भरवशावर राहू नका

प्रश्न : बंद टाकीत उतरलेला सहकारी बेशुद्ध पडला, तरी त्याच्यामागे कोणी उतरायचे नाही, असे आमचे पर्यवेक्षक बजावतात. हे माणुसकीला धरून आहे का?

उत्तर : तुमची तगमग समजते, पण पर्यवेक्षकांचे म्हणणे योग्य आहे. हवेत सुमारे २०.९ टक्के ऑक्सिजन असतो. टाकीतले गंजणारे लोखंड किंवा कुजणारा मैला तो हळूहळू संपवतो आणि प्रमाण फार घटले की गुदमरल्याची जाणीव होण्यापूर्वीच माणूस कोसळतो. कुजणाऱ्या मैल्यातून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तर अधिकच फसवा, कारण हवेच्या दर दहा लाख भागांत त्याचे सुमारे १०० भाग झाले की नाक बधिर होते, आणि सडक्या अंड्यांचा वास थांबला म्हणजे वायू गेला, असे वाटू लागते. एकाला वाचवायला उतरलेले दोघे-तिघेही त्याच टाकीत दगावल्याच्या दुर्घटना वारंवार घडल्या आहेत. माणुसकी दाखवायची ती कोणी उतरण्याआधी : वायुमापकाने वरची, मधली आणि तळाची हवा तपासावी, पंख्याने ताजी हवा आत सोडत राहावे, आणि उतरणाऱ्याच्या अंगातील सुरक्षापट्ट्याला दोर बांधून बाहेर एक माणूस सतत उभा ठेवावा, म्हणजे आत न उतरता त्याला वर ओढता येईल. साध्या मास्कचा इथे उपयोग नाही. तो ऑक्सिजन पुरवत नाही.

प्रश्न : मी दगड कापतो. तोंडाला रुमाल बांधतो, खोकलाही नाही. मग छातीची तपासणी कशासाठी?

उत्तर : रुमाल अडवतो ती दिसणारी धूळ. घातक असतात ते डोळ्यांना न दिसणारे सिलिकाचे सूक्ष्म कण, जे थेट फुप्फुसांच्या वायुकोशांत जाऊन बसतात. त्यांनी पडलेले व्रण पुन्हा भरून येत नाहीत, सिलिकोसिस हा या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार बहुधा अनेक वर्षांनी लक्षात येतो, आणि त्यात क्षयाचा धोकाही वाढतो. म्हणून खोकल्याची वाट न पाहता एक्स-रे आणि श्वसनक्षमतेची चाचणी ठरावीक काळाने करून घ्या. कापताना पात्यावर पाणी सोडणे, धूळ उडते तिथेच ती ओढून घेणे हे खरे उपाय असून ही व्यवस्था करणे मालकाचे काम आहे. चेहऱ्यावर घट्ट बसणारा श्वसनमास्क त्यानंतरचा.

प्रश्न : यंत्रांच्या आवाजाची आता सवय झाली आहे. तरी कानात बोळे घालावेत का?

उत्तर : अवश्य. ‘सवय झाली’ हे शब्द ऐकले की मला काळजी वाटते, कारण पुष्कळदा ती सवय नसून श्रवणशक्ती घटल्याची खूण असते. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा मानली, तर ८८ डेसिबलला ती चार तासांवर येते. श्रवणचाचणी याच महिन्यात करून घ्या.