तारखात्यातून निवृत्त झालेल्या वडिलांना पोर्थकर्नोचं तारसंग्रहालय दाखवावं का?

हो, न्याच. वडील लंडनला लेकाकडे चाललेत, तर त्या वयात इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलपर्यंतची दगदग परवडेल का, अशी तुमची काळजी आहे. आमचे अण्णा परभणीच्या तारघरात होते. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना तिथं नेलं होतं, म्हणून सांगते.

पोर्थकर्नो हा कड्यांमधला छोटासा किनारा. १८७० साली इथं उतरलेली समुद्री तार लिस्बन, जिब्राल्टर, माल्टा, सुएझ, एडन करत थेट मुंबईशी जोडली गेली. संग्रहालय आहे ते दुसऱ्या महायुद्धात कातळ फोडून काढलेल्या बोगद्यांत. बॉम्बपासून वाचवायला यंत्रं आत हलवली होती.

अण्णा खिळले ते आरशाच्या गॅल्व्हानोमीटरपाशी, म्हणजे अगदी क्षीण करंटही दाखवणाऱ्या यंत्रापाशी. आपल्याकडच्या तारेत प्रत्येक अक्षर टिंब आणि रेघांच्या मोर्स खुणांनी जायचं; टिंब छोटं, रेघ त्याच्या तिप्पट, आणि सगळं काम कानाचं. खुणा आवाजात ऐकवणाऱ्या साउंडर यंत्राचं कडकट्ट ऐकत अण्णा थेट अक्षरं लिहायचे. पण हजारो मैलांच्या केबलमधून करंट पोचेपर्यंत क्षीण अन् पसरट होतो, टिंब कुठं संपलं तेच कळत नाही. म्हणून तिथं टिंबाला एका दिशेचा करंट आणि रेघेला उलट दिशेचा. शास्त्रज्ञ विल्यम थॉमसननं (पुढं लॉर्ड केल्विन) इवल्याशा आरशामागं चुंबक चिकटवले. करंट आला की आरसा किंचित वळतो आणि त्यावरून पडलेला उजेडाचा ठिपका डावीकडं नाहीतर उजवीकडं सरकतो. तारबाबू त्या ठिपक्यावर नजर लावून बसायचा.

"छत्तीस वर्षं मी कानानं तारा घेतल्या, ही माणसं डोळ्यानं घेत होती," अण्णा म्हणाले आणि तिथून हलेनात.

पुढं कळ दाबून बघू देतात. अण्णांनी रोमन अक्षरांत 'परभणी' वाजवलं. शेजारच्या पोरांना सांगत होते (मी दुभाषी!) की प्रत्येकाचा हात निराळा असतो, हिंगोलीचा माणूस रजेवर गेला की पहिल्या दोन शब्दांत मला कळायचं. २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली, त्यानंतर इतकं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

लंडनच्या पॅडिंग्टनहून पेन्झान्सला रेल्वेनं पाच तासांच्या वर लागतात, पुढं बस. पेन्झान्सला एक मुक्काम कराच. उघडं असण्याचे दिवस ऋतूप्रमाणं बदलतात, आधी बघून घ्या. बोगद्यात गारवा असतो, स्वेटर घ्या. आणि वडील कानाला मशीन लावत असतील तर ते घरी राहू देऊ नका.