पर्ड्यू की अर्बाना? लेकीचा प्रश्न झटकू नका

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलीला इंजिनिअरिंगसाठी इंडियानातलं पर्ड्यू आणि इलिनॉयचं अर्बाना-शँपेन, दोन्ही विद्यापीठांत प्रवेश मिळालाय. पर्ड्यू बरंच स्वस्त, म्हणून ह्यांनी तेच धरून ठेवलं होतं. आता मुलगी म्हणते, इंडियानात गर्भपातावर बंदी आहे, मला तिथे चार वर्षं राहायचं नाही. हे चिडलेत. शिकायला जायचंय, त्यात ह्याचा काय संबंध, म्हणतात. मला वेगळीच धास्ती लागलीये. हा विचार तिच्या डोक्यात आलाच कसा?
– एक आई

ताई, आधी तुमची धास्ती. मुलीने हा विषय काढला म्हणजे तिचं कुठे काही चालू आहे, असा अर्थ लावू नका. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डॉब्ज खटल्यात १९७३ पासूनचा गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला आणि निर्णय राज्यांवर सोडला, तेव्हा ती जेमतेम आठवी-नववीत असेल. तिच्या पिढीच्या मुली हे ऐकतच मोठ्या झाल्यात. आपण मात्र वेगळ्या कायद्याखाली वाढलो. भारतात १९७१ पासून कायद्याने गर्भपाताची सोय आहे आणि २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २० ते २४ आठवड्यांची मुभा अविवाहित मुलींनाही लागू केली. म्हणून अमेरिकेत हा प्रश्न उभा राहील हेच आपल्या मनात येत नाही.

आणि ‘चांगल्या घरातल्या मुलींना ह्याची गरज काय’ असं कुणी म्हणालं, तर त्यांना बेळगावच्या सविता हलप्पनवारची आठवण करून द्या. डेंटिस्ट होती, लग्न झालेलं, मूल हवं होतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवेच्या हॉस्पिटलात सतराव्या आठवड्यात तिचा गर्भपात आपोआप होऊ लागला. गर्भ वाचणार नाही हे कळूनही, ठोके चालू आहेत म्हणून डॉक्टरांनी तिची गर्भपात करण्याची विनंती नाकारली. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि ती गेली. आयर्लंडने २०१८ मध्ये सार्वमत घेऊन घटनेतली गर्भपातबंदीची तरतूद काढून टाकली. कायदा डॉक्टरचा हात कसा अडवतो, ते आपल्याच भागातल्या लेकीच्या जिवावर बेतलेलं आपण पाहिलंय. तुमची मुलगी नेमकं हेच विचारतेय : मला काही झालं, तर तिथला डॉक्टर वेळेवर हात लावेल का?

आता ही दोन गावं बघा. पर्ड्यूचं वेस्ट लाफायेत ते शँपेन गाडीने दीड तासाच्या आसपास. इंडियानात ऑगस्ट २०२३ पासून जवळपास पूर्ण बंदी आहे. जिवाला किंवा प्रकृतीला गंभीर धोका, गर्भात जीवघेणं व्यंग, किंवा बलात्कार वा जवळच्या नात्यातल्या संबंधातून राहिलेला गर्भ (तोही ठरावीक मुदतीत) एवढेच अपवाद. गर्भपाताच्या स्वतंत्र क्लिनिकांचे परवाने गेले. इलिनॉयमध्ये २०१९ च्या कायद्याने हा हक्क स्पष्ट लिहून दिलाय.

चार वर्षांत बदलेल, असं मात्र धरून चालू नका. मिशिगनमध्ये २०२२ ला आणि ओहायोत २०२३ ला मतदारांनी थेट राज्यघटना बदलून हक्क परत मिळवला. इंडियानात नागरिकांना सह्या गोळा करून असा प्रश्न मतपत्रिकेवर आणायची सोयच नाही. तिथे बदल होईल तो विधिमंडळातून किंवा कोर्टातूनच.

पैशांचं बोलू. पर्ड्यूने दहा वर्षांहून जास्त काळ फी वाढवलेली नाही, बाहेरच्या राज्यातल्यांना ती ३० हजार डॉलरच्या आसपास पडते. अर्बानाला इंजिनिअरिंगची ४० हजारांच्या वर. चार वर्षांचा फरक मोठा आहे, त्यामुळे ह्यांचं म्हणणंही खोटं नाही. हा फरक कर्ज न काढता झेपत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे : मुलीचं ऐका. झेपत नसेल, तर कर्जात बुडून अर्बाना करू नका. रटगर्सला, म्हणजे न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठाला, अर्ज केला असेल, तर ते पत्र पुन्हा समोर ठेवा. घराजवळ आहे म्हणून आपली मुलं त्याला नाकं मुरडतात, पण फी राज्यातल्यांची, म्हणजे कमी, आणि न्यू जर्सीने जानेवारी २०२२ मध्येच हा हक्क कायद्यात घातलाय.

शेवटी पर्ड्यूच ठरलं, तर तयारीनिशी पाठवा. गर्भनिरोधक गोळ्या आणि आणीबाणीची गोळी कुठल्याच राज्यात बंद नाही, हे तिला नीट माहीत असू दे. कॅम्पसच्या हेल्थ सेंटरला फोन करून विचारा : स्त्रीरोगतज्ज्ञ कधी असतात, पाळीच्या तक्रारी किंवा पीसीओएस (हार्मोन्समुळे पाळी बिघडण्याचा विकार) असेल तर तिथेच बघतात का, रात्री रक्तस्राव झाला तर कुठल्या हॉस्पिटलात पाठवतात. तिला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल तर तेही विचारा. त्या औषधाने गर्भपातही होऊ शकतो, म्हणून २०२२ नंतर काही राज्यांत फार्मसीवाल्यांनी ते द्यायला खळखळ केल्याच्या तक्रारी आल्या होत्या. तुमचा विमा एचएमओ, म्हणजे ठरावीक डॉक्टर-हॉस्पिटलांपुरता, असेल, तर दुसऱ्या राज्यात बहुधा फक्त तातडीचे उपचार मिळतात, ते आधी तपासा. हेही लक्षात असू द्या की तुमच्या विम्यावर तिने कुठलेही उपचार घेतले, की तपशिलाचं पत्र साधारणपणे पॉलिसीधारकाच्या नावाने घरी येतं. ते पत्र उघडून वडील काय म्हणतील, ह्या भीतीने मुली डॉक्टरकडे जायचं टाळतात. ह्यांनी स्वतः तिला सांगावं की मी विचारणार नाही. हे त्यांच्याच तोंडून आलं पाहिजे.

अठरा पूर्ण झाल्यावर तिच्या सहीशिवाय हॉस्पिटल तुम्हाला काही सांगायला बांधील नाही. म्हणून ती जाईल त्या राज्याचा मेडिकल पॉवर ऑफ अॅटर्नीचा (ती बोलू शकत नसेल तेव्हा उपचारांचे निर्णय तुम्ही घ्यायचा) फॉर्म आणि माहिती देण्याचं संमतिपत्र भरून घ्या. कुठली माहिती तुम्हाला द्यायची आणि कुठली नाही, ते तिलाच ठरवू द्या. एक प्रत तुमच्याकडे, एक तिच्या फोनमध्ये. जागा नक्की करायची मुदत बहुतेक ठिकाणी १ मे असते, तेव्हा येत्या शनिवारीच तिघं एकत्र बसा आणि बोलायची सुरुवात तिला करू द्या.