औशाच्या शेतातला कॅमेरा लातूरहून दिसत नाही, पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेली विनंती राउटरनं कॅमेऱ्याकडे वळवणं) करूनही. असं का?

आधी राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे इंटरनेट कंपनीनं राउटरला दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होत असेल तर पोर्ट फॉरवर्डचा खटाटोप वाया. जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही४) पत्ते जगात जेमतेम ४३० कोटी; म्हणून कंपनी एकच पत्ता अनेकांत वाटते, बाहेरची विनंती तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही.

यावर उपाय म्हणून राउटरमध्ये आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत चालू करा; तिच्यात कॅमेऱ्याला स्वतःचा पत्ता मिळतो. कॅमेऱ्याला २ ने सुरू होणारा पत्ता मिळायला हवा. एफई८० ने सुरू होणारा फक्त घरातल्या घरात चालतो. मग राउटरच्या फायरवॉलमध्ये (बाहेरच्या विनंत्या अडवणारी भिंत) कॅमेऱ्याचा तेवढाच पोर्ट उघडा, सगळी फायरवॉल बंद करू नका! लाईट जाऊन आली की पत्ता बदलू शकतो, त्यामुळे डीडीएनएस (पत्ता बदलला तरी एकाच नावानं कॅमेरा शोधून देणारी सेवा) लावाच. जुन्या डीव्हीआरला (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणारा डबा) आयपीव्ही६ कळत नसेल तर कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता, विकत घ्या.