पानशेतच्या जलाशयात आमच्या छोट्या मोटारबोटीवर पाहुणे येणार आहेत. त्यांना कोणते नियम घालून द्यावेत?

नियम काठावरच सांगावेत. पुण्याहून सहलीच्या उत्साहात आलेली मंडळी बोट सुटल्यावर ऐकण्याच्या मनःस्थितीत नसते. लाइफ जॅकेट प्रत्येकाने बक्कल लावूनच घालावे आणि ‘मला पोहता येते’ ही सबब मुळीच ऐकू नये. लहान मुलांच्या जॅकेटला दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा असावा, कारण त्याशिवाय पाण्यात पडताच जॅकेट वर सरकून डोक्यातून निघू शकते. क्षमतेपेक्षा एकही माणूस अधिक घेऊ नये, मग जवळचा नातेवाईक रुसला तरी चालेल. फोटोसाठी सगळे एका बाजूला सरकले तर छोटी बोट कलंडू शकते, म्हणून चालकाला विचारल्याशिवाय कोणीही जागेवरून उठू नये. कोणी पाण्यात पडलेच, तर त्याला बोटीत ओढून घेण्यापूर्वी इंजिन बंद करावे. फिरत्या पंख्याची इजा जीवघेणी ठरते. मद्य घेतलेल्या पाहुण्याला नम्रपणे, पण ठामपणे काठावरच थांबवावे.