हिरव्या रविवारी ये

प्रिय बाळा,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला. विरार लोकलमधून उतरून रिक्षाच्या रांगेत उभ्या उभ्या टाइप केलेला असावा, इतक्या चुका होत्या. दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्याची श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराच्या, वर्गात मी तुझं शुद्धलेखन सुधारायचो ते सगळं वाया गेलं म्हणायचं. असो. मेसेज तीनदा वाचला आणि झोप गेली, म्हणून हे पत्र. फोनवर मी चिडलो असतो.

तू लिहिलंस की ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या रिट्रीटमध्ये, त्या प्रार्थना-शिबिरात, तू ढसाढसा रडलीस, गुड फ्रायडेला क्रूसाची वाट अनवाणी केलीस, ईस्टरच्या रात्री मेणबत्ती हातात धरून उभी होतीस तेव्हा वाटलं की आता आपण बदललो. आणि आता जुलै. मिस्सेत, देवळातल्या रविवारच्या उपासनेत, बसतेस आणि डोक्यात ऑफिसची एक्सेल शीट चालू असते. गेले तीन रविवार तर गेलीच नाहीस. 'सर, मी ढोंगी आहे का?' आणि त्याखाली, जरा घाबरत, की एक मैत्रीण तिकडे एका प्रार्थनासभेला जाते, तिथे 'काहीतरी जाणवतं', तर जाऊ का?

ढोंगी नाहीस. तो विषय संपला. तुझ्या वयाच्या मुलांना हे एवढं सांगायला लोक दोन दिवसांचं शिबिर घेतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र लांबेल. कुठे जायचं ते तू मोठी आहेस, ठरव. माझं म्हणणं एवढंच आहे की त्याआधी हिरव्या रविवारी ये. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेन्टेकॉस्टच्या सणानंतर फादरांच्या अंगावर हिरवं वस्त्र चढतं ते थेट नोव्हेंबरच्या अखेरीस उतरतं. अधेमधे एखाद्या सणाला पांढरं, एखाद्या हुतात्म्याच्या दिवशी लाल, बाकी हिरवंच. नाताळनंतर राखेच्या बुधवारापर्यंतचे, म्हणजे उपवासकाळ सुरू होईपर्यंतचे, काही आठवडे धरले तर वर्षाच्या बावन्न आठवड्यांतले तेहेतीस किंवा चौतीस आठवडे हिरवे. म्हणजे तू ज्याला 'श्रद्धा' म्हणतेस ती उरलेल्या अठरा-एकोणीस आठवड्यांत उरकली जाते. मग ढोंग वाटणारच. जी मुलगी माहेरी फक्त लग्नाला आणि बारशाला येते तिला आई परकी वाटली तर दोष आईचा नाही.

आपण त्याला 'सामान्य काळ' म्हणतो, आणि मला वाटतं अर्धा घोळ या नावाने केला. १९६९ साली पोप सहावे पॉल यांनी उपासनेची दिनदर्शिका सुधारली तेव्हा या आठवड्यांना लॅटिनमध्ये नाव दिलं 'तेम्पुस पेर आन्नुम', वर्षभरातला काळ. त्यात 'सामान्य' कुठेच नाही. त्याआधी तर नुसतं मोजायचे, पेन्टेकॉस्टनंतरचा पाचवा रविवार, सहावा रविवार. माझ्या वडलांच्या तोंडी तसंच होतं. ते पानवेल आणि केळीवाले. त्यांचं निम्मं आयुष्य लॅटिन मिस्सेत गेलं, साठच्या दशकात मराठी आली तोवर. मी एकदा विचारलं, 'काय कळायचं हो तुम्हाला?' म्हणाले, 'काही नाही. जायचो.' मला तेव्हा हे उत्तर अडाणीपणाचं वाटलं होतं. मी कॉलेज केलेला होतो ना.

आता माझं ऐक. हे तुला वर्गात कधी सांगितलं नव्हतं.

१९८७ साली मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या देवळाच्या हद्दीत, माझ्याशिवाय पान हलत नाही अशी माझी समजूत होती. नाताळचा गोठा मी करायचो. क्रूसाच्या वाटेला लाउडस्पीकर मी लावायचो. त्या वर्षीचा ईस्टर १९ एप्रिलला होता. आदल्या रात्री जागरणाच्या विधीला, देवळाबाहेर नवा अग्नी पेटवला तेव्हा तबक माझ्या हातात होतं. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवर फादर क्रूस कोरतात, त्या वर्षाचे चार आकडे कोरतात, आणि येशूच्या पाच जखमांसाठी धूपाचे पाच दाणे खोचतात. ते दाणे मी धरले होते. १, ९, ८, ७. मेणाचा भुगा माझ्या बाहीवर पडला होता, इतका जवळ मी होतो.

मे महिन्यात गायनाच्या एका फालतू कारणावरून माझं फादरांशी वाजलं. कोण बरोबर होतं ते आता सांगत नाही. (मीच बरोबर होतो. पण त्याने काय झालं?) मी देवळात जायचा बंद झालो. कोणाला सांगितलं नाही, भांडण पुढे नेलं नाही, नुसता जायचा बंद झालो. आणि तुला सांगतो, काहीच अडलं नाही. मोठे सण संपलेले होते, पाऊस लागला होता, हिरव्या रविवारी माझी गरज कोणाला होती? हेच तर तुला सांगतोय. हिरव्या रविवारी कोणालाच तुझी गरज नसते. म्हणून ये.

ऑगस्टमध्ये वडील गेले. दोन दिवसांचा ताप, वाडीत गुडघाभर पाणी, आणि संपलं. अंत्यविधीला मी पुढच्या बाकावर बसलो, तीन महिन्यांनी पहिल्यांदा. पेटीच्या डोक्याशी ती मेणबत्ती जळत होती.

तुला माहीत असेल, नसेल तर ऐक. पास्काची मेणबत्ती पेन्टेकॉस्टपर्यंत वेदीजवळ असते. मग ती उचलून बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी ठेवतात. वर्षभर ती दोनच वेळा पेटते, बाळाला पाणी घालताना आणि माणूस गेल्यावर. ईस्टरच्या रात्री हातभर उंच होती ती आता वितीने कमी झाली होती. मी आलो नाही त्या तीन महिन्यांत कोणाकोणासाठी जळली होती. ८ आणि ७ अजून होते, पण ७च्या पायाशी मेण ओघळून आकडा बुजत आलेला. मी मंत्र ऐकले नाहीत, प्रार्थना ऐकल्या नाहीत. मी तो ७ बघत बसलो.

आणि मागे वळून पाहिलं तर पेटीला खांदा द्यायला कोण उभं होतं? आमच्या यूथ ग्रुपमधले दोघे, बस. बाकीचे साडेसहाच्या मिस्सेचे म्हातारे. लाल लुगड्यातल्या बाया, ज्या मिस्सा आटपून फुलांच्या टोपल्या घेऊन दादरला जायच्या आणि त्या दिवशी गेल्या नव्हत्या. मला त्यांची नावं धड माहीत नव्हती. वडलांना त्या सगळ्यांची घरं माहीत होती.

आता तुला वाटेल की त्या दिवशी मी परतलो. नाही. माणूस इतका सहज सुधारत नाही, निदान मी नाही. उलट मला नवं कारण मिळालं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ उभी राहिली. टँकरवाले विहिरी उपसत होते, बागायतीवर इमारती येणार होत्या, फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते. मी सभांना जायचो आणि म्हणायचो, ही खरी मिस्सा, तिकडे देवळात म्हाताऱ्या पुटपुटतात. पुढे चालणारा माणूस धर्मगुरू आहे, तो ती शक्ती कुठून आणतो, हा प्रश्न मला पडला नाही. हुशार माणसांना साधे प्रश्न उशिरा पडतात.

वडलांच्या वर्षदिनाची मिस्सा रविवारी आली, २१ ऑगस्ट १९८८. आईसाठी गेलो. ते मार्कचं वर्ष होतं. तुला वाचक म्हणून ठाऊक आहे, वाचनांचं तीन वर्षांचं चक्र असतं, दरवर्षी एक शुभवर्तमान, येशूचं एकेक चरित्र: मत्तय, मार्क, लूक. मार्कचं शुभवर्तमान लहान, म्हणून त्या वर्षी ऐन पावसाळ्यात पाच रविवार योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचतात. भाकरी, भाकरी, भाकरी. फादर लोकसुद्धा कंटाळतात, चौथ्या रविवारी प्रवचनाला काही उरत नाही. मी पोचलो तो पाचवा रविवार होता. बरेच शिष्य येशूला सोडून जातात, आणि तो बाराजणांना विचारतो की तुम्हीही जाणार का. पेत्र म्हणतो, कोणाकडे जाणार? पेत्र असं म्हणत नाही की मला खूप छान वाटतंय. त्याला काहीही छान वाटत नव्हतं. त्याला दुसरा पत्ता ठाऊक नव्हता, एवढंच.

तरीही परतलो नाही! अजून दोन वर्षं गेली. शेवटी परतलो ते आईच्या गुडघ्यांमुळे. तिला पावसात साडेसहाच्या मिस्सेला एकटीला जाववेना, म्हणून मी छत्री धरायला जाऊ लागलो. आधी बाहेर उभा राहायचो. मग ओट्यावर, कारण पागोळ्या अंगावर यायच्या. मग शेवटच्या बाकावर, कारण ओट्यावर ओल्या छत्र्यांचा ढीग. माझ्या आध्यात्मिक प्रगतीचा इतिहास हा एवढाच आहे: पाऊस लागत होता म्हणून दोन पावलं आत. साक्षात्कार वगैरे काही नाही. एका नोव्हेंबरात लक्षात आलं की नाताळआधीचा आगमनकाळ, जांभळ्या वस्त्राचा काळ, सुरू होतोय आणि मी पाच महिने एकही रविवार चुकलेलो नाही. आणि जांभळं वस्त्र पाहिल्यावर प्रथमच काहीतरी हललं, कारण हिरव्याची डोळ्यांना सवय झाली होती. जो हिरवं बघतच नाही त्याला जांभळं दिसणार कसं?

म्हणून म्हणतो, हिरव्या रविवारी ये. एक्सेल शीट घेऊन ये. जांभया दे. प्रवचन चालू असताना पंखे मोज, मी मोजलेत, चौदा आहेत, त्यातला एक आवाज करतो. तुला काय वाटतंय हे दर पाच मिनिटांनी तपासू नकोस. तुझ्या पिढीला ही खोडच लागली आहे, नाडी बघत बसायची. आणि यंदाच्या झावळ्यांच्या रविवारची झावळी आहे ना घरी, क्रूसामागे खोचलेली? ती तिथे धूळ खात असते, वाळते, कोणी बघत नाही. पुढच्या राखेच्या बुधवाराआधी ती देवळात परत द्यायची, जाळून तिचीच राख कपाळाला लागते. तुझ्या त्या अनवाणी चालण्याच्या आधी गेल्या वर्षीची झावळी दहा-अकरा महिने अशीच नुसती भिंतीवर होती.

हे लिहिताना माझी मुलगी आठवते आहे, ते लपवत नाही. तुझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. तिला मी दर रविवारी साडेसहाला उठवलं. परीक्षा असो, ताप असो, मैत्रिणींची सहल असो. आज ती परदेशात आहे आणि नाताळलासुद्धा जात नाही. माझी बायको म्हणते, तुम्हीच तिचा देव कडू केलात. मेव्हणे म्हणतात, जबरदस्ती केली. केली. मग काय करायचं होतं? मी परतलो तो छत्री धरायला परतलो, मला तरी कोणी प्रेमाने विचारलं होतं का? आईला गरज होती, मी गेलो. मला वाटलं तिलाही सवय लागेल, आणि सवयीच्या आत कधीतरी ते येऊन बसेल, जसं माझ्या बाबतीत बसलं. तत्त्व बरोबरच होतं. अजूनही बरोबर आहे. फक्त मी तिला उठवायचो आणि स्वतः गायनाच्या गॅलरीत जाऊन उभा राहायचो. ती बाकावर एकटी बसायची. हे माझ्या ध्यानात गेल्या वर्षी आलं, ती फोनवर सहज बोलून गेली तेव्हा. 'पप्पा, तुम्ही वर असायचात.'

तर तुला हुकूम करत नाही. प्रार्थनासभेला जायचं तर जा, तिथली माणसं वाईट नाहीत, गाणी आपल्यापेक्षा बरी म्हणतात. पण तिथे 'जाणवलं' नाही की तिसरीकडे जाशील, हे मला दिसतंय. एकदा एका ठिकाणी न जाणवता बसून बघ. जूनपासूनचं गेलं ते गेलं. नोव्हेंबर यायला वेळ आहे. एखादा रविवार चुकला तर पुढच्या रविवारी ये, मोठा पश्चात्ताप नको, तो उपवासकाळासाठी ठेव.

येता रविवार सामान्य काळातला पंधरावा आहे. यंदा मत्तयचं वर्ष, म्हणजे पेरणाऱ्याचा दाखला, आणि फादर खडकाळ जमिनीवर, जिथे बी झटकन उगवतं आणि वाळून जातं, बोलणार हे नक्की. तेव्हा तू माझ्याकडे बघून हसू नकोस. मी या पत्रात शेतीचा दृष्टांत मुद्दाम टाळला आहे, आम्ही केळीवाले असून.

वाचकांच्या यादीत दुसरं वाचन तुझ्या नावावर लावलं आहे. तुला न विचारता, हो. रोमकरांस पत्र, आठवा अध्याय. सगळी सृष्टी कण्हत आहे, तो भाग. मागच्या वेळी एका मुलाने 'कन्हत' वाचलं आणि मी वर गॅलरीत कपाळावर हात मारला. ण आहे. घरी दोनदा मोठ्याने वाचून ये. आणि मी आता वर नसतो, डावीकडच्या तिसऱ्या बाकावर असतो, बायकोच्या शेजारी. छत्री बाहेर ठेवू नकोस, हल्ली चोरीला जातात.

तुझा,
सर