बी.ए.ला 'पैसा, बँकिंग आणि मौद्रिक धोरण' हा पेपर घ्यावा का? नुसतं पाठांतर आहे म्हणतात. पुढे काही उपयोग होतो का?

घे. पाठांतराचा केलाय तो शिकवणाऱ्यांनी, विषयाचा त्यात दोष नाही. एरवी मी इथे नुसती वाचते, लिहीत नाही. पण "पाठांतर" हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. तुला 'तू' म्हणते, राग मानू नकोस, वयाने माझ्या मुलीएवढा असशील.

मी सांगलीतल्या एका सहकारी बँकेत १९८९ साली कारकून म्हणून लागले आणि २०२४ ला शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. हाच पेपर मीही दिला होता. शंभरात ७१ होते मला, म्हणजे पतनिर्मितीचं कोष्टक झोपेतून उठवलं असतं तरी मांडलं असतं. हजार रुपये प्राथमिक ठेव, वीस टक्के राखीव ठेवायचे, आठशे कर्ज द्यायचं. ते आठशे दुसऱ्या बँकेत ठेव म्हणून येतात, तिथून सहाशे चाळीस, मग पाचशे बारा, असं करत करत हजाराचे पाच हजार. या पाच पटीलाच गुणक म्हणतात. तुझ्याही पुस्तकात हेच असणार, आकड्यांसकट.

आता आमचे भाऊजी. माझ्या मिस्टरांचे धाकटे बंधू, अर्थशास्त्राचे प्राध्यापक, सारा जन्म हे कोष्टक फळ्यावर काढण्यात गेला. माणूस लाख मोलाचा. माझ्या बाळंतपणात रात्री दोन वाजता रिक्षा शोधून आणली होती त्यांनी. पण बँकेतल्या माणसाला बँकेबद्दल काही कळत असेल, हे काही त्यांना पटत नाही.

१९९४ चा फेब्रुवारी. हळदीचे सौदे सुरू झाले होते आणि मी तेव्हा कर्ज खात्याच्या टेबलावर होते. एका अडत्याला हरिपूरच्या पेवातल्या (जमिनीखालच्या कोठारातल्या) हळदीच्या तारणावर पाच लाखांचं कॅश क्रेडिट (सीसी, म्हणजे मंजूर मर्यादेपर्यंत लागेल तसं काढायचं कर्ज) मंजूर झालं होतं. सोमवारी त्याचा पहिला चेक आला, ४२,६०० रुपयांचा, आष्ट्याच्या एका शेतकऱ्याच्या नावाचा. शेतकऱ्याचं बचत खातं आमच्याच शाखेत. चेक घेऊन तो काउंटरला उभा होता, पायात चिखल, हातात विक्रीच्या हिशेबाची पट्टी. पैसे रोख नको म्हणाला, खात्यातच राहू दे, पोरीच्या लग्नाला लागतील.

मी एंट्री टाकली. अडत्याच्या सीसी खात्याला नावे ४२,६००, शेतकऱ्याच्या बचत खात्याला जमा ४२,६००. साहेबांनी दोन्ही व्हाउचरवर सही केली. संपलं. कॅशियर शेजारच्या पिंजऱ्यात शेंगदाणे खात बसला होता, त्याला पत्ताही नव्हता. संध्याकाळी डे-बुक (दिवसाच्या व्यवहारांची वही) टॅली करताना माझ्या लक्षात आलं की सकाळपेक्षा कर्ज ४२,६०० ने वाढलंय आणि ठेवीही बरोबर ४२,६०० ने वाढल्यात. कुणी एक रुपया आणून भरलेला नाही. तिजोरी उघडलेली नाही. एंट्री टाकण्याआधी "आपल्याकडे कुणाची ठेव शिल्लक आहे का, तिच्यातून देऊ" असं कुणी बघितलेलंही नाही. मग ही ठेव आली कुठून? माझ्या पेनातून.

पाच वर्षं रोज त्याच एंट्र्या टाकत होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. पुस्तकात आधी ठेव, मग कर्ज. माझ्या टेबलावर आधी कर्ज, आणि त्याच्या पोटातून ठेव.

रविवारी भाऊजी जेवायला होते. मी कॅलेंडरच्या पाठीमागे दोन्ही एंट्र्या लिहून दाखवल्या. त्यांनी वरणभात कालवता कालवता बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, हे कारकुनी अर्थशास्त्र झालं. एका शाखेत बसून झाडं दिसतात, जंगल दिसत नाही." मग त्याच कॅलेंडरवर हजार, आठशे, सहाशे चाळीस. मी म्हटलं, भाऊजी, ते आठशे कर्जाऊ देताना हजारवाल्याच्या खात्यातून कमी केले का कुणी? त्याच्या पासबुकात हजार तसेच्या तसे आहेत. म्हणाले, "तोच तर गुणक!" सासूबाई म्हणाल्या, ताक घ्या. विषय तिथे थांबला म्हणजे त्या दिवसापुरता थांबला. "कारकुनी अर्थशास्त्र" हा शब्द मात्र घरात राहिला. पुढे प्रत्येक दिवाळीला, प्रत्येक गणपतीला तो निघायचा. माझ्या बढतीच्या पेढ्यांबरोबरसुद्धा निघाला.

२०१४ साली बँक ऑफ इंग्लंडने आपल्या त्रैमासिकात एक लेख छापला. त्यात साफ लिहिलं की बँक कर्ज देते तेव्हाच कर्जदाराच्या खात्यात ठेव तयार होते, आणि पाठ्यपुस्तकात सांगतात तसा पैशाचा गुणाकार प्रत्यक्षात होत नाही. मला तो पाठवला कुणी, तर भाऊजींच्याच मुलाने, तो तेव्हा एम.ए. करत होता. मी झेरॉक्स काढली, हिरव्या पेनने वाक्यं अधोरेखित केली आणि गौरीजेवणाच्या दिवशी ताटाशेजारी ठेवली. भाऊजींनी चष्मा लावून सगळं वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं. म्हणाले, "इंग्लंडचं इंग्लंडला."

बरं, इंग्लंडचं राहू दे. २०१६ चा नोव्हेंबर घे. ५०० आणि १००० च्या नोटा गेल्या, १४ नोव्हेंबरपासून जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली, त्यामुळे त्यांचे खातेदार आमच्या दारात. ठेवींचा नुसता पूर. सगळ्याच बँकांत इतका, की रिझर्व्ह बँकेने १६ सप्टेंबर ते ११ नोव्हेंबर या काळात वाढलेल्या ठेवींवर शंभर टक्के सीआरआर, म्हणजे रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचं रोख राखीव प्रमाण, लावला. वीस नाही, शंभर. दोनेक आठवड्यांत काढला, पण लावला. आता कोष्टकाप्रमाणे या पुरातून कर्जांचा महापूर यायला हवा होता ना? माझ्या शाखेत त्या डिसेंबरात कर्ज मागायला कुत्रं फिरकलं नाही. बाजारच बसला होता, कर्ज घेऊन करायचं काय? ठेव असली म्हणून कर्ज होत नाही. मागायला पत असलेला माणूस यावा लागतो.

आणि हे एक गणित घरी करून बघ. अमेरिकेने मार्च २०२० मध्ये राखीव प्रमाण शून्यावर आणलं. कोष्टकात वीसच्या जागी शून्य घाल. एकाला शून्याने भागलं की पैसा अनंत. अमेरिकेत अनंत पैसा झाला का?

म्हणून तुला सांगते, हा विषय पुस्तकाच्या पहिल्या पानापासून वाचू नकोस, व्याजदरापासून उलटा वाच. आमच्या वेळी बँक दर, सीआरआर, एसएलआर (ठेवींतला सरकारी रोख्यांसारख्या ठिकाणी ठेवावाच लागणारा हिस्सा) यांवरच पानं भरायची, आणि तेव्हा ते चुकीचंही नव्हतं. १९९० च्या सुमाराला व्यापारी बँकांचा सीआरआर १५ टक्के आणि एसएलआर ३८.५ टक्के होता, म्हणजे शंभरातले साडेत्रेपन्न रुपये आधीच बांधलेले. आता चित्र वेगळं आहे. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेचा कायदा बदलून सहा जणांची पतधोरण समिती आली, महागाई ४ टक्के, दोन टक्के खाली-वर, हे लक्ष्य आलं, आणि सगळा खेळ रेपो दरावर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना थोड्या मुदतीचं कर्ज देते त्या व्याजदरावर, आला. रिझर्व्ह बँक पैशाची किंमत ठरवते, किती पैसा तयार व्हायचा ते बँका आणि कर्ज मागणारे ठरवतात. पुस्तकात मात्र अजून रेपो दर शेवटच्या परिच्छेदात असतो, वेळ उरला तर.

किंमत म्हणजे काय ते दाखवते. मे २०२२ पर्यंत रेपो ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ ला ६.५ झाला. अडीच टक्के, नऊ-दहा महिन्यांत. ३० लाखांचं गृहकर्ज, २० वर्षं, ७ टक्के, हप्ता येतो २३,२५९ रुपये. आता दर साडेनऊ कर. ३० लाखांवर एका महिन्याचं नुसतं व्याज होतं २३,७५० रुपये. म्हणजे जुन्या हप्त्यात व्याजसुद्धा भागत नाही, मुद्दल फिटणं तर सोडच. ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांना नवी तरत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या दराशी, बहुतेक ठिकाणी रेपोशीच, जोडावी लागतात, त्यामुळे मुंबईत गव्हर्नर बोलले की तीन महिन्यांच्या आत सांगलीतल्या फ्लॅटचा हप्ता हलतो. हे गणित मला कुणी विचारलं, सांगू? भाऊजींच्या त्याच मुलाने. स्वतःच्या फ्लॅटसाठी. "काकू, बँकेचा मेसेज आलाय, जरा बघता का?" घरात अर्थशास्त्राचे प्राध्यापक असताना काकूला विचारलं. मी काही बोलले नाही. फक्त मिस्टरांना सांगितलं, आणि ते कुठे सांगतील हे मला माहीत होतं.

आता एक गोष्ट, जी मी भाऊजींना आजवर सांगितलेली नाही.

त्या सोमवारच्या ४२,६०० नंतर त्याच अडत्याने आठवड्यात आणखी सात-आठ चेक दिले. ते शेतकरी आमचे खातेदार नव्हते. कुणी जिल्हा बँकेचा, कुणी राष्ट्रीयीकृत बँकेचा. शुक्रवारी ते चेक क्लिअरिंगमधून (बँकाबँकांतल्या चेकच्या देवाणघेवाणीतून) आमच्यावर आले, एकूण ३,१५,०००. क्लिअरिंगसाठी आमचं खातं ज्या मोठ्या बँकेत होतं तिथे शिल्लक १,७५,०००. तिथे काही माझं पेन चालत नाही. तिथे खरे पैसेच लागतात. साहेब पांढरे पडले. चेक परत गेले असते तर संध्याकाळपर्यंत सगळ्या मार्केट यार्डात झालं असतं, "अमक्या बँकेकडे पैसे नाहीत." मग काय, साहेबांच्या स्कूटरवर मागे मी, मांडीवर आमच्या बँकेच्या मुदत ठेवीच्या पावत्या, त्या मोठ्या बँकेत गेलो, पावत्या तारण ठेवून ओव्हरड्राफ्ट काढला आणि वेळ निभावली. परत येताना साहेब एवढंच म्हणाले, "बाई, ठेवी गोळा करायला उगाच नाही फिरत आपण."

तर ठेवी लागतात. कर्ज देताना लागत नाहीत, ते कर्ज दुसऱ्याच्या दारात गेलं की लागतात. आणि लहान बँकेचा पैसा दुसऱ्याच्याच दारात जातो. इंग्लंडवाल्यांच्या लेखातही हे आहे, बँका हव्या तेवढ्या ठेवी निर्माण करू शकत नाहीत, कर्जाचा पैसा दुसऱ्या बँकेत जातो तेव्हा तो भागवावा लागतो, असं चांगलं सविस्तर आहे. मी हिरव्या पेनने ते अधोरेखित केलं नव्हतं.

परीक्षेत मात्र शहाणपणा करू नकोस. कोष्टक मागितलं की कोष्टक मांड, वीस टक्के घे, पाच हजार आण, मर्यादा म्हणून चार ओळी लिही आणि तिथे ही नावे-जमाची एंट्री घाल. तपासणारा भाऊजींसारखा निघाला तरी मर्यादांखालचे मार्क कापत नाही. रिझर्व्ह बँकेची कार्यं, १ एप्रिल १९३५ ला स्थापना, १ जानेवारी १९४९ ला राष्ट्रीयीकरण, १९४३ ला चिंतामणराव देशमुख पहिले भारतीय गव्हर्नर, हे एका रात्रीत होतं, त्याची धास्ती नको. दर दोन महिन्यांनी पतधोरण जाहीर होतं तेव्हा गव्हर्नरांचं निवेदन पेपरात न वाचता रिझर्व्ह बँकेच्या साइटवर वाच, हिंदीतही मिळेल, पहिल्या वेळी निम्मं कळणार नाही, तिसऱ्या वेळी कळेल. आणि शक्य असेल तर एखाद्या पतसंस्थेत महिनाभर फुकट बस. डे-बुक बघू देतील का ते सांगता येत नाही, पण मागून बघ.

नोकरीचं तू विचारलं होतंस, ते राहिलंच. बँकेच्या परीक्षांना बँकिंगचे सामान्य प्रश्न येतात, रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी अधिकाऱ्यांच्या परीक्षेला तर हा विषय सरळ लागतो. बाकी माझ्या ३५ वर्षांत मला गुणक कुणी विचारला नाही.

ता.क. : हे उत्तर पुतण्याने वाचलं आणि घरी वाचून दाखवलं. आत्ता भाऊजींचा फोन येऊन गेला. आधी विचारलं, "त्या शुक्रवारी कमी किती पडले होते?" मी म्हटलं, एक लाख चाळीस हजार. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे गुणक बरोबरच होता की, वहिनी." मी म्हटलं, अजिबात नव्हता, आधी कर्ज दिलं आणि मग पैसे शोधायला स्कूटरवर गेलो, क्रम बघा. म्हणाले, दिवाळीला येतोय, तेव्हा कॅलेंडर काढून ठेवा.